डोंगराचा मान राखणारे वास्तुशिल्पी : लॉरी बेकर

घर बांधायचे तर आधी डोंगर फोडायचा, ही रीत मावळ-लोणावळ्यात आपण रोज पाहतो. डोंगर आहे तसा ठेवूनही त्याच्या अंगावर सुंदर घर उभे राहते, हे लॉरी बेकर यांनी भारतात सिद्ध करून दाखविले.

त्यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे झाला. वास्तुशास्त्राचे शिक्षण पुरे होते न होते तोच महायुद्ध पेटले. क्वेकर पंथीय असल्यामुळे त्यांनी शस्त्र धरले नाही; रुग्णसेवा पथकातून चीनला जाऊन कुष्ठरोग्यांची सेवा केली. मायदेशी परतताना बोटीअभावी त्यांचा मुंबईतील मुक्काम लांबला आणि तेथे महात्मा गांधींची भेट घडली. घराचे सामान पाच मैलांच्या आतले असावे, हा गांधीजींचा विचार त्यांच्या मनात कायमचा रुजला. १९४५ साली ते कुष्ठरोग्यांच्या इस्पितळांच्या कामासाठी पुन्हा भारतात आले.

१९४८ साली डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी विवाह झाल्यावर हे दांपत्य हिमालयात पिथोरागडला गेले. तेथे डोंगरउतारावर त्यांनी घर व इस्पितळ बांधले. पण बर्मिंगहॅमची विद्या तेथे अपुरी पडली. कोणता दगड घ्यावा, तो मातीत कसा बसवावा, कोणते लाकूड टिकते, हे ते गावच्या गवंडी-सुतारांकडून शिकले. पदवीधर वास्तुशिल्पी त्यांचा विद्यार्थी झाला.

१९६३ साली ते केरळात आले. पुढे तिरुवनंतपुरमच्या एका खडकाळ टेकडीवर त्यांनी स्वतःचे घर बांधले. उतार सपाट केला नाही. जमीन चढेल तसे घर चढत गेले. भिंतीत पोकळी ठेवून विटा वाचविल्या, विटांच्या जाळीतून वारा खेळविला, स्लॅबमध्ये कौले घालून सिमेंट-लोखंड कमी केले. हीच युक्ती त्यांनी गरिबांच्या घरांसाठी वापरली. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. १ एप्रिल २००७ रोजी त्यांचे निधन झाले.

१९८९ साली भाजे गावावर आणि २०१४ साली माळीणवर दरड कोसळली. डोंगराशी जपून वागावे लागते, हे आपल्या जिल्ह्याला कोणी वेगळे सांगायला नको. आमच्यापैकी कित्येकांचे वडील-आजोबा गवंडी. कॉलेजची पायरी चढणारे घरातले आम्हीच पहिले. पदवी हाती आल्यावर त्यांच्यापाशी बसून त्यांचे ज्ञान विचारून घ्यावे, हाच बेकरांच्या जीवनाचा आम्हाला बोध आहे.

— द्वितीय वर्ष, कला