गल्ल्या वाचवणारे वनस्पतिशास्त्रज्ञ

शहरातून किती कार्बन डायऑक्साइड हवेत जाणार, हे बऱ्याच अंशी नगररचनेच्या नकाशावरच ठरते. घरे कुठे, कामाची ठिकाणे कुठे, मोकळी जमीन किती आणि जुने काय पाडायचे, यावर पुढची अनेक वर्षे जाळले जाणारे इंधन अवलंबून असते. हवामानबदलाची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधी या प्रश्नांना भिडणारे पॅट्रिक गेडिस मुळात जीवशास्त्रज्ञ होते.

गेडिस यांचा जन्म १८५४ मध्ये स्कॉटलंडमधला. लंडनमध्ये ते थॉमस हक्सली यांच्याकडे शिकले. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली आणि सूक्ष्मदर्शकावरचे काम पुढे अवघड झाले. मग सजीव आणि परिसर यांचे नाते ते माणसांच्या वस्तीत शोधू लागले. विवाहानंतर पत्नी अ‍ॅना यांच्यासह ते एडिंबराच्या जुन्या, दाटीवाटीच्या भागात राहायला गेले. तिथल्या पडीक इमारती त्यांनी दुरुस्त करून घेतल्या, मोकळ्या तुकड्यांवर बागा फुलवल्या. दुसरीकडे डंडी येथे ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते भारतात आले. त्यांच्या नगररचना प्रदर्शनाचे साहित्य घेऊन येणारे जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले. मित्रांच्या मदतीने त्यांनी नवे प्रदर्शन उभे केले आणि पुढच्या काही वर्षांत भारतातील अनेक शहरांचे अहवाल लिहिले. त्या काळी रोगराईवर ठरलेला उपाय म्हणजे दाट वस्तीतून रुंद, सरळ रस्ता काढणे. गेडिस आधी गल्लीगल्लीतून पायी फिरत. मोजकी पडकी घरे काढून तिथे छोटे चौक करावेत, झाडे लावावीत, विहिरी राखाव्यात, असे ते सुचवत. डासांच्या भीतीने तलाव बुजवण्याऐवजी त्यांत मासे आणि बदके सोडावीत, तलावामुळे हवाही थंड राहते, हे त्यांचे म्हणणे होते.

होळकरांच्या इंदूरला प्लेगने ग्रासले होते, तेव्हा त्यांनी दिवाळीची मिरवणूक हाती घेतली. सर्वाधिक स्वच्छ झालेल्या भागांतून ती जाईल असे जाहीर होताच लोकांनी घरे, अंगणे झाडून काढली. त्यांचा इंदूरचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. याच काळात, १९१७ मध्ये, मुलगा युद्धात मारला गेला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच अ‍ॅना भारतात आजारपणात गेल्या. तरी काम थांबले नाही. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ते रुजू झाले. गो. स. घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. १९२४ मध्ये भारत सोडून गेडिस फ्रान्समधील माँपेलिए येथे स्थायिक झाले आणि तिथेच १९३२ मध्ये त्यांचे निधन झाले.

गेडिस यांनी कार्बनचा हिशेब मांडला नव्हता. आरोग्य, काटकसर आणि गरिबांचे घर वाचवणे हे त्यांचे हेतू होते. मात्र कोळसा आणि साधनसंपत्ती उधळणाऱ्या उद्योगयुगावर त्यांनी सडकून टीका केली होती. आजच्या हिशेबात त्यांचे उपाय चपखल बसतात. इमारत पाडून नवी बांधताना सिमेंट आणि पोलाद लागते, आणि त्यांच्या निर्मितीतच मोठे उत्सर्जन होते. दुरुस्तीत ते बरेच वाचते. दुकान, शाळा, काम चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर पेट्रोल वाचते. झाडे आणि पाणी असलेल्या वस्तीत वातानुकूलन कमी लागते. घरे आणि रोजगार जवळ आणून मिश्र वापराची, सार्वजनिक वाहतुकीला जोडलेली शहरे घडवली, तर २०५० पर्यंत शहरी उत्सर्जन सुमारे पाव भागाने कमी होऊ शकते, असे आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २०२२ च्या अहवालात म्हटले आहे.

दाटी हवी म्हणून उंच टॉवर हवेतच, असे मात्र नाही. जुन्या पेठा चार-पाच मजल्यांतही दाट असतात आणि तिथे बरीच कामे पायीच होतात. आपल्या शहराच्या विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात, तेव्हा त्यात कोणता तलाव, कोणती बाग, कोणता बाजार पुसला जातो आहे, हे पाहणे म्हणूनच गरजेचे आहे. एकदा रस्ता आखला गेला की त्यावरचा धूर पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला येतो.