विल्यम जेम्स : ‘मी’चा शोध

‘मी मला ओळखतो’ असे आपण सहज म्हणतो. यातील ओळखणारा ‘मी’ आणि ओळखला जाणारा ‘मी’ एकच की निराळे? उपनिषदांइतक्या जुन्या या प्रश्नाचा मानसशास्त्राच्या अंगाने सखोल विचार केला तो अमेरिकन विचारवंत विल्यम जेम्स यांनी.

जेम्स यांचा जन्म ११ जानेवारी १८४२ रोजी न्यूयॉर्क येथे एका सधन कुटुंबात झाला. धाकटे बंधू हेन्री पुढे कादंबरीकार म्हणून कीर्ती पावले. विल्यम यांना मात्र आपली वाट लवकर सापडली नाही. चित्रकलेचा नाद सोडून ते रसायनशास्त्राकडे वळले, तेथून वैद्यकाकडे. मध्येच १८६५ साली ब्राझीलच्या शोधमोहिमेवर जाऊन आजारी पडले. १८६९ मध्ये त्यांना हार्वर्डची वैद्यकीय पदवी मिळाली. पण वैद्यकीचा व्यवसाय त्यांनी कधीच केला नाही.

याच काळात खोल विषण्णतेने त्यांना ग्रासले. मनुष्य जर शरीराच्या नियमांनी बांधलेले यंत्र असेल, तर आपल्या इच्छेला अर्थ काय, हा विचार पाठ सोडीना. जगणे नकोसे झाले. १८७० मध्ये शार्ल रनुव्हिए या फ्रेंच तत्त्वज्ञाचे लेखन वाचून त्यांनी दैनंदिनीत एक निश्चय नोंदवला. आपली इच्छा स्वतंत्र आहे असे मानायचे आणि हे मानणे हीच आपली पहिली स्वतंत्र कृती ठरवायची! दुखणे अर्थातच एका दिवसात गेले नाही. तरी १८७३ पासून ते हार्वर्डमध्ये शिकवू लागले.

मानसशास्त्रावरील ग्रंथ दोन वर्षांत लिहून देण्याचे त्यांनी १८७८ मध्ये कबूल केले होते. त्याला बारा वर्षे लागली. १८९० मध्ये त्याचे दोन खंड निघाले, तेव्हा जेम्स अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. ज्ञात होणाऱ्या ‘मी’चे त्यांनी तीन थर सांगितले. शरीर, कपडे, घर, कुटुंब हा भौतिक ‘मी’. वडिलोपार्जित घर विकताना आपलाच एक भाग तुटल्यासारखे वाटते, ते यामुळेच. दुसरा सामाजिक ‘मी’. तो एक नसून अनेक असतो. घरात हट्टी असणारा माणूस कचेरीत साहेबांपुढे नम्र होतो. तिसरा ‘मी’ आंतरिक, आपल्या विचार-भावनांचा. आणि जाणणारा ‘मी’? त्यासाठी वेगळा आत्मा मानण्याची मानसशास्त्राला गरज नाही, असे जेम्स यांचे मत होते. प्रवाहातील पाण्याप्रमाणे विचार पुढे सरकतो आणि प्रत्येक नवा विचार मागच्याला आपला म्हणून स्वीकारतो. हे उत्तर सर्वांना पटणारे नाही. भारतीय वाचकाला त्यात बुद्धांच्या अनात्मवादाची छटा दिसेल.

स्वामी विवेकानंदांशी जेम्स यांचा परिचय होता. १९०७ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी स्वामीजींच्या अद्वैत विचाराची चर्चा केली आहे. त्यातून मिळणारी शांती त्यांनी मान्य केली. परंतु अनेकत्व पुसून टाकणारे एकत्व त्यांना स्वीकारता आले नाही.

हृदयविकाराने २६ ऑगस्ट १९१० रोजी न्यू हॅम्पशायरमधील आपल्या घरी त्यांचे निधन झाले. तत्त्वज्ञानावरील त्यांचे शेवटचे पुस्तक अपुरे राहिले आणि १९११ मध्ये तसेच प्रसिद्ध झाले.