विश्लेषण : होमी भाभांचं तारापूर ठाऊक आहे, पण परळच्या टाटा हॉस्पिटलशी त्यांचा काय संबंध?

बोईसर-तारापूरमध्ये डॉ. होमी भाभा म्हटलं की अणुवीज प्रकल्प आठवतो. पण डहाणू लोकल पकडून इथले कॅन्सर रुग्ण परळच्या ज्या टाटा हॉस्पिटलला जातात, तिथेही भाभांचा धागा आहे.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतला. घरच्यांच्या इच्छेसाठी केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनीअरिंग केलं, मग फिजिक्सकडे वळले. (आजच्या कित्येक इंजिनीअरांना हा रस्ता ओळखीचा वाटेल.) ते तिथे शिकत असतानाच १९३१ मध्ये त्यांच्या आत्या मेहरबाई टाटा ब्लड कॅन्सरने गेल्या. तेव्हा त्यावर परिणामकारक औषधच नव्हतं. मेहरबाईंचे पती सर दोराबजी टाटा यांच्या ट्रस्टने १९४१ मध्ये परळचं हॉस्पिटल सुरू केलं.

१९३९ मध्ये सुटीवर आलेले भाभा महायुद्धामुळे भारतातच राहिले. पुढे टीआयएफआर, अणुऊर्जा आयोग, ट्रॉम्बे हे सगळं झालं. १९६२ मध्ये टाटा हॉस्पिटल अणुऊर्जा विभागाकडे आलं, तेव्हा विभागाची सूत्रं भाभांकडेच होती.

हॉस्पिटल अणुऊर्जा विभागाकडे का?

कारण रेडिएशन. कॅन्सरच्या उपचारात त्याचं काम वाढणार, हे भाभांनी ओळखलं होतं. गॅमा किरण पेशीतल्या पाण्याचे रेणू फोडतात. त्यातून निघणारे अतिक्रियाशील कण डीएनएवर हल्ला करतात. डीएनएचे दोन्ही धागे जवळजवळ एकाच जागी तुटले, तर दुरुस्ती अवघड. निरोगी पेशी बऱ्याचदा सावरते. कॅन्सरची पेशी मात्र तुटका डीएनए घेऊनच विभाजनाला जाते आणि मरते. निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळावा म्हणून रेडिएशन सहसा रोज थोडं थोडं देतात.

सिस्प्लॅटिन हे केमोचं औषधही तिथेच घाव घालतं. त्यातलं प्लॅटिनम डीएनएला चिकटून जणू गाठ मारतं. मग डीएनएची कॉपी निघत नाही, शिवाय किरणांनी केलेली मोडतोड दुरुस्त करणंही पेशीला जड जातं. म्हणून घसा किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये दोन्ही उपचार अनेकदा सोबत दिले जातात. पण औषध रक्तातून सगळीकडे फिरतं. उलट्या होतात, किडनीवर ताण येतो, त्यामुळे डॉक्टर भरपूर पाणी प्यायला सांगतात.

तारापूर प्रकल्पाचा अमेरिकन कंपनीशी करार १९६४ मध्ये झाला. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवर एअर इंडियाचं विमान कोसळलं, त्यात भाभा गेले. वय ५६. तारापूरची वीज सुरू झाली १९६९ मध्ये. पुढे ट्रॉम्बेच्या बीएआरसीने कोबाल्ट-६० वर चालणारं कॅन्सर उपचाराचं देशी मशीन तयार केलं. त्याचं नाव भाभाट्रॉन.