डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी : बालकर्करुग्णांना आयुष्य देणाऱ्या संस्थेच्या जननी

चेन्नई, ३० जुलै : कर्करोगातून बरी झालेली अनेक मुले आज प्रौढ झाली आहेत. अशा मुलांवर उपचार करणारी अड्यार येथील कर्करोग संस्था ज्यांच्या ध्यासातून उभी राहिली, त्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची आज जयंती.

१८८६ मध्ये पुदुकोट्टई संस्थानात जन्मलेल्या मुथुलक्ष्मी १९१२ मध्ये मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. १९२७ मध्ये मद्रास विधान परिषदेवर नियुक्ती झाल्यावर त्या उपाध्यक्ष बनल्या आणि देवदासी प्रथेविरुद्ध लढल्या. मात्र धाकट्या बहिणीला कर्करोगाने गाठल्याचे शल्य त्यांना आयुष्यभर सलत राहिले.

कर्करोग म्हणजे मृत्यूच, असे मानले जाणाऱ्या काळात त्यांनी रुग्णालयासाठी निधी उभारला. १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली. १९५४ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांनी १२ खाटांचे रुग्णालय सुरू झालेले पाहिले. पुत्र डॉ. कृष्णमूर्ती व डॉ. शांता यांनी ते वाढविले. १९६० मध्ये तेथे बालकर्करुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला.

२२ जुलै १९६८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा रक्ताच्या कर्करोगातून वाचणारी मुले विरळाच होती. आता प्रश्न पुढचा आहे. बालपणीच्या औषधोपचारांचे व किरणोपचारांचे परिणाम हृदयावर, शारीरिक वाढीवर आणि प्रजननक्षमतेवर अनेक वर्षांनीही दिसू शकतात. क्वचित दुसरा कर्करोगही उद्भवतो. त्यामुळे रोग बरा झाल्यानंतरही नियमित तपासणी आयुष्यभर आवश्यक ठरते.