विश्लेषण : फाउल नकळत की मुद्दाम? बास्केटबॉलच्या जनकाने काय ठरवले होते?

सामना संपायला काही सेकंद उरले की पिछाडीवरचा संघ मुद्दाम फाउल करतो. घड्याळ थांबते, चेंडू परत मिळण्याची आशा राहते. अशा वेळी पंचांनी साधा फाउल द्यावा की कडक शिक्षा करावी? या वादाचे मूळ थेट या खेळाचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ यांच्यापर्यंत जाते.

नेस्मिथ कोण होते?

जन्म ६ नोव्हेंबर १८६१, कॅनडातील आल्मॉन्टजवळ. नवव्या वर्षी आईवडील विषमज्वराने गेले. आजी आणि मामांनी त्यांना वाढवले. मॉन्ट्रियलमध्ये धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण घेत असतानाच ते रग्बीही खेळत. तरुणांना चांगले वळण मैदानावरही लावता येते, असे त्यांचे मत बनले. १८९० मध्ये ते अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत दाखल झाले.

नवा खेळ का लागला?

डिसेंबर १८९१. थंडीमुळे मैदानी खेळ बंद होते आणि १८ विद्यार्थ्यांचा एक वर्ग कवायतीला कंटाळला होता. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी नेस्मिथ यांना बंदिस्त जागेतला खेळ शोधायला १४ दिवस दिले. फुटबॉल आत खेळवून पाहिला, पण धसमुसळेपणा थांबेना.

नेस्मिथ यांनी कारण शोधले. खेळाडू चेंडू घेऊन पळतो, म्हणून त्याला पाडले जाते. मग पळण्यालाच बंदी घातली. लहानपणीच्या एका नेमबाजीच्या खेळात दगड जोरात न मारता अलगद उंच फेकणे फायद्याचे ठरे. ते आठवून गोल डोक्याच्या वर ठेवला. सज्जाच्या कठड्याला १० फुटांवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या.

तरीही सुरुवातीला मुले एकमेकांना भिडली, काहींचे डोळे काळेनिळे झाले, एकाचा खांदा निखळला. ही हकिगत त्यांनीच १९३९ मधील रेडिओ मुलाखतीत सांगितली होती.

पहिल्या नियमांत फाउलचे काय?

मूळ १३ नियमांत खांदा मारणे, धरणे, ढकलणे, पाय घालून पाडणे आणि मारणे यांना बंदी होती. दुसऱ्या फाउलला खेळाडू पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. इजा करण्याचा हेतू उघड दिसला, तर संपूर्ण सामन्यासाठी बाहेर आणि बदली खेळाडूही नाही. एका संघाने सलग तीन फाउल केले, तर प्रतिस्पर्ध्याला एक गोल. रेफरीने चेंडू पाहायचा, अंपायरने माणसे. फाउल करणाऱ्याला त्याचा फायदा मिळू नये, हे सूत्र यामागे होते.

आज पंच काय पाहतात?

आंतरराष्ट्रीय महासंघाच्या (फिबा) नियमांत आता ‘हेतुपुरस्सर’ऐवजी ‘खिलाडूवृत्तीला सोडून केलेला फाउल’ ही संज्ञा आहे. मनातला हेतू ओळखणे अवघड, म्हणून पंचांनी कृती पाहायची. बचावपटू खरोखर चेंडूकडे झेपावला होता का? धक्का गरजेपेक्षा जोरदार होता का? वेगाने निघालेल्या चढाईला रोखण्यासाठी मागून किंवा बाजूने धरले का?

चेंडूसाठी प्रामाणिक प्रयत्न असेल, तर अखेरच्या सेकंदांतला फाउलही साधाच. चेंडू सोडून जर्सी ओढली किंवा मिठी मारली, तर कडक शिक्षा. त्यात फ्री थ्रो मिळतात, शिवाय चेंडूही त्याच संघाकडे राहतो. असे दोन फाउल झाले की खेळाडू सामन्याबाहेर.

पुढे नेस्मिथ यांचे काय झाले?

वैद्यकीय पदवी घेऊन १८९८ मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात गेले. तेथे त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच पदकांसाठी समावेश झाला. पावसाने चिखल झालेल्या मैदानावर त्यांच्या कर्मभूमीने, अमेरिकेने, जन्मभूमी कॅनडाला १९-८ असे हरवले. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी अंपायरवर सोपवलेला निर्णय आजही नियमपुस्तकावर पूर्णपणे सोडता येत नाही. तो पंचालाच, क्षणात, डोळ्यांनी पाहून घ्यावा लागतो.