ऑलिव्हर हेविसाइड

ऑलिव्हर हेविसाइड (१८ मे १८५० – ३ फेब्रुवारी १९२५) हे इंग्रज गणिती, भौतिकशास्त्रज्ञ आणि विद्युत अभियंते होते. समाक्ष केबल, म्हणजेच हौशी रेडिओचालकांच्या बोलीतील ‘कोॲक्स’, हिचे पहिले पेटंट त्यांनी १८८० साली इंग्लंडमध्ये घेतले. तारेतून संदेश कसा पुढे जातो, वाटेत तो का क्षीण होतो आणि का विस्कटतो, याचे गणित त्यांनी मांडले. त्यांना विद्यापीठीय शिक्षण मिळाले नव्हते. वयाच्या २४ व्या वर्षानंतर त्यांनी कोणतीही नोकरी केली नाही.

बालपण आणि शिक्षण

हेविसाइड यांचा जन्म लंडनमधील कॅमडेन टाउन भागात झाला. वडील थॉमस हे लाकडावर चित्रे कोरणारे कारागीर होते. घरची स्थिती बेताची होती. चार भावांत ऑलिव्हर सर्वांत धाकटे. लहानपणी झालेल्या लोहितांग ज्वरामुळे त्यांना कमी ऐकू येऊ लागले आणि समवयस्कांपासून ते दुरावले. शाळेत ते हुशार होते, परंतु भूमितीतील सिद्धता पाठ करण्याचा त्यांना कंटाळा होता. वयाच्या सुमारे १६ व्या वर्षी त्यांचे शालेय शिक्षण संपले.

तारायंत्राच्या संशोधकांपैकी एक असलेले चार्ल्स व्हीटस्टन हे त्यांच्या मावशीचे यजमान होते. त्यांच्या प्रभावामुळे ऑलिव्हर आणि त्यांचे थोरले बंधू आर्थर या दोघांनीही तारायंत्राचे क्षेत्र निवडले.

तारायंत्रातील नोकरी

१८६८ साली हेविसाइड डेन्मार्कमध्ये तारायंत्रचालक म्हणून रुजू झाले. पुढे ते इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील कचेरीत आले. तो काळ समुद्राखालील तारांच्या विस्ताराचा होता. १८७० साली मुंबई शहरही एडन आणि सुएझमार्गे अशा तारेने इंग्लंडशी जोडले गेले. या लांब तारांमध्ये एक अडचण होती. एका टोकाला दिलेला ठसठशीत संकेत दुसऱ्या टोकाला पसरट आणि अस्पष्ट होऊन पोहोचे. संकेत भराभर पाठवल्यास ते एकमेकांत मिसळत. हा दोष का येतो, हा प्रश्न हेविसाइड यांच्या पुढील संशोधनाचा गाभा ठरला.

१८७३ साली व्हीटस्टन सेतूवरील त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी आपल्या विद्युत-चुंबकत्वावरील ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याची दखल घेतली. १८७४ साली हेविसाइड नोकरी सोडून लंडनला आई-वडिलांकडे परतले आणि मॅक्सवेल यांच्या ग्रंथाचा अभ्यास करू लागले. त्यासाठी लागणारे उच्च गणित त्यांनी स्वतःच आत्मसात केले.

समाक्ष केबलचे पेटंट

शेजारून जाणाऱ्या दोन तारांपैकी एकीतील प्रवाहाचा परिणाम दुसरीवर होतो. तारायंत्रात ही अडचण होतीच, पण दूरध्वनी आल्यावर ती अधिक जाणवू लागली, कारण एकाचे बोलणे दुसऱ्याला ऐकू येई. १८८० साली हेविसाइड यांनी यावर उपाय सुचवला. जाणारी आणि परतीची अशा दोन तारा शेजारी ठेवण्याऐवजी एक संवाहक नळीच्या रूपात घ्यावा आणि दुसरा तिच्या आत, मधोमध ठेवावा. अशा रचनेत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र नळीच्या आतच राहते. आतला संकेत बाहेर जात नाही आणि बाहेरचा उपद्रव आत येत नाही. आजच्या कोॲक्समध्ये नळीच्या जागी तांब्याच्या बारीक तारांची जाळी आणि मध्ये प्लास्टिकचा निरोधक थर असतो, पण तत्त्व तेच आहे. या पेटंटमधून हेविसाइड यांना आर्थिक लाभ झाला नाही.

मॅक्सवेल यांची समीकरणे

मॅक्सवेल यांचा सिद्धांत मूळ स्वरूपात अनेक समीकरणांत विखुरलेला होता. १८८४-८५ च्या सुमारास हेविसाइड यांनी सदिशांचा वापर करून तो चार समीकरणांत बसवला. आज महाविद्यालयांत शिकवली जाणारी मांडणी हीच आहे. हाइनरिख हर्ट्‌झ यांनीही स्वतंत्रपणे जवळपास अशीच मांडणी केली. हेविसाइड यांनी अनेक पारिभाषिक शब्दही रूढ केले. त्यांपैकी ‘इंपीडन्स’ हा शब्द आज प्रत्येक कोॲक्सच्या माहितीपत्रकात आढळतो. मराठीत त्यास संरोध म्हणतात.

प्रीस यांच्याशी संघर्ष

१८८७ साली हेविसाइड यांनी दाखवून दिले की तारेचा रोध, प्रवर्तकत्व, धारिता आणि गळती या चार राशींचा परस्परांशी ठरावीक मेळ बसला, तर संकेत क्षीण झाला तरी त्याचा आकार बिघडत नाही. रोध आणि प्रवर्तकत्व यांचे गुणोत्तर गळती आणि धारिता यांच्या गुणोत्तराइतके असावे, ही ती अट. नेहमीच्या तारांत प्रवर्तकत्व फार कमी पडते. म्हणून ते वाढवल्यास दूरवरचे संभाषण सुधारेल, असा त्याचा अर्थ होता.

ब्रिटिश टपाल खात्यातील वरिष्ठ विद्युत अधिकारी विल्यम प्रीस यांचे मत याच्या नेमके उलट होते. प्रवर्तकत्व हानिकारक आहे, असे ते जाहीरपणे सांगत. आर्थर हेविसाइड हे त्याच खात्यात अभियंते होते. दोघा भावांनी मिळून तयार केलेल्या शोधनिबंधाच्या प्रसिद्धीस प्रीस यांनी परवानगी नाकारली. त्याच वर्षी ‘द इलेक्ट्रिशियन’ या साप्ताहिकाचे संपादक बदलले आणि तेथे चाललेली हेविसाइड यांची लेखमालाही खंडित झाली. मात्र पुढे ऑलिव्हर लॉज आणि विल्यम टॉमसन यांनी त्यांच्या कामाचे महत्त्व जाहीरपणे मान्य केले. १८९१ साली हेविसाइड रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

प्रवर्तकत्व वाढवण्याची कल्पना व्यवहारात आणली ती अमेरिकेने. तारेवर ठरावीक अंतरावर वेटोळी बसवण्याच्या पद्धतीचे पेटंट १९०० साली मायकेल पुपिन यांना मिळाले आणि त्यांना त्याचा मोठा मोबदलाही मिळाला. हेविसाइड यांनी या कल्पनेचे पेटंट घेतलेले नव्हते. त्यांना देऊ केलेली रक्कम त्यांनी पूर्ण श्रेयाशिवाय स्वीकारण्यास नकार दिला.

उत्तरायुष्य

१८८९ साली हे कुटुंब डेव्हन परगण्यातील पेंटन येथे राहण्यास गेले. आई-वडिलांच्या निधनानंतर हेविसाइड एकाकी झाले. दया म्हणून दिलेली मदत ते नाकारत, परंतु १८९६ पासून त्यांनी वार्षिक १२० पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन स्वीकारले. १९०८ पासून ते टॉर्की येथे राहत होते. १९०५ साली गॉटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९२२ साली ब्रिटनमधील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे पहिले फॅरडे पदक त्यांना मिळाले. शिडीवरून पडल्यानंतर काही काळाने, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी त्यांचे निधन झाले. पेंटन येथे त्यांचे दफन करण्यात आले.

हौशी रेडिओ आणि हेविसाइड

हौशी रेडिओचा हेविसाइड यांच्याशी दुहेरी संबंध आहे. १९०२ साली त्यांनी वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतवाहक थर असावा, असे सुचवले. आर्थर केनेली यांनीही त्याच वर्षी तोच विचार मांडला. १९२४ च्या अखेरीस एडवर्ड ॲपलटन यांच्या प्रयोगांनी या थराच्या अस्तित्वाला पुष्टी मिळाली. लघुलहरी या भागावरून, म्हणजे आयनांबरावरून, परत वळतात म्हणूनच थोड्या शक्तीच्या संचावरून दूरच्या देशांशी बोलता येते.

दुसरा दुवा केबलचा आहे. १९२७ साली सुरू झालेल्या भारत-इंग्लंड लघुलहरी बिनतारी सेवेसाठी पुण्याजवळ खडकी येथे प्रेषण केंद्र आणि दौंड येथे ग्रहण केंद्र होते. ती मार्कोनी कंपनीच्या बीम पद्धतीची होती. या पद्धतीत चार्ल्स फ्रँकलिन यांनी संच आणि ॲन्टेना जोडण्यासाठी एकात एक बसवलेल्या तांब्याच्या नळ्या योजल्या होत्या. १९२९ साली अमेरिकेत लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन ॲफेल यांनी आधुनिक समाक्ष केबलच्या पेटंटसाठी अर्ज केला.

भारतात परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना मिळवणारा नवा हौशी रेडिओचालक पहिली केबल निवडतो, तेव्हा हेविसाइड यांनी अभ्यासलेल्या राशीच त्याच्यासमोर असतात. पहिली बाब संरोध. केबलचा संरोध आतील व बाहेरील संवाहकांच्या व्यासांच्या गुणोत्तरावर आणि मधल्या निरोधकावर अवलंबून असतो, लांबीवर नाही. हौशी संच साधारणतः ५० ओहमसाठी बनवलेले असतात, तर दूरचित्रवाणीची केबल ७५ ओहमची असते. दुसरी बाब क्षीणन. ते लांबीबरोबर आणि कंप्रतेबरोबर वाढते. सुमारे ५ मिलिमीटर जाडीच्या आरजी-५८ केबलच्या ३० मीटर लांबीत ७ मेगाहर्ट्‌झवर सुमारे एक चतुर्थांश शक्ती खर्च होते, तर १४५ मेगाहर्ट्‌झवर जवळपास तीन चतुर्थांश. सुमारे १० मिलिमीटर जाडीच्या आरजी-२१३ मध्ये याच लांबीत १४५ मेगाहर्ट्‌झवर निम्म्याच्या आसपास शक्ती ॲन्टेनापर्यंत पोहोचते. त्यामुळे लघुलहरींसाठी आणि कमी अंतरासाठी बारीक, स्वस्त केबल पुरेशी ठरते, परंतु उंच मनोऱ्यावरील अतिउच्च कंप्रतेच्या ॲन्टेनासाठी जाड केबल घ्यावी लागते.

ग्रंथसंपदा

हेविसाइड यांचे लेख ‘इलेक्ट्रिकल पेपर्स’ या नावाने १८९२ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाले. ‘इलेक्ट्रोमॅग्नेटिक थिअरी’ या ग्रंथाचे तीन खंड १८९३, १८९९ आणि १९१२ साली निघाले.