जॉन मॅकॅडम

घराच्या फाटकापासून दारापर्यंत दगड पसरायचे असतील, तर ते कोणते आणावेत? पुष्कळ लोक नदीतले गोल, गुळगुळीत गोटे आणतात. ते दिसायला छान असतात. पण त्यांवरून एकदा सायकल नेऊन पाहा. चाक रुतते, गोटे सरकतात आणि काही दिवसांत अर्धे गोटे कडेला जाऊन पडतात. फोडलेल्या दगडाची खडी मात्र सहसा जागची हलत नाही. तिला कोपरे असतात. एका तुकड्याचा कोपरा दुसऱ्याच्या शेजारी घट्ट बसतो आणि वजन पडले की तो आणखी घट्ट होतो.

दगडाची ही निवड एका माणसाने आयुष्यभराचे काम मानली. त्यासाठी त्यांनी स्वतःची दौलतही खर्च केली. त्यांचे नाव जॉन लाउडन मॅकॅडम.

मॅकॅडम यांचा जन्म २१ सप्टेंबर १७५६ रोजी स्कॉटलंडमधील एअर या गावी झाला. घराणे मोठे होते, पण वडिलांच्या पेढीचा व्यवहार बुडाला. १७७० मध्ये वडील वारले. तेव्हा चौदा वर्षांचा जॉन समुद्र ओलांडून अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरी आपल्या चुलत्यांकडे गेला. चुलते व्यापारी होते. तेथे जॉन हिशेब शिकला, व्यापार शिकला आणि तरुणपणीच श्रीमंत झाला. पुढे अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले. मॅकॅडम इंग्लंडच्या राजाच्या बाजूचे होते. युद्धात राजाची बाजू हरली, तेव्हा त्यांची काही मालमत्ता तिकडेच गेली. उरलेला पैसा घेऊन १७८३ मध्ये ते बायकामुलांसह मायदेशी परतले आणि एअरजवळ जमीनजुमला घेऊन राहू लागले.

त्या काळी ब्रिटनमध्ये रस्त्यांवर नाके असत. नाक्यावर पैसे भरल्याशिवाय गाडी पुढे जात नसे. या पैशांतून रस्ते दुरुस्त करण्यासाठी मंडळे नेमलेली होती. अशाच एका मंडळावर मॅकॅडम यांची निवड झाली. नाक्यावर पैसा भरपूर जमा होत होता, दगडही भरपूर टाकले जात होते, तरी रस्ते वाईटच होते. व्यापाऱ्याच्या नजरेला हा हिशेब काही जुळेना.

मग ते रस्ते पाहत फिरू लागले. घोड्यावरून, बग्गीतून, कधी पायी. अनेक वर्षांत त्यांनी सुमारे ३०,००० मैलांचा प्रवास केला. या कामी कोणी त्यांना पगार देत नव्हते. त्यांच्या खिशातले सुमारे ५,००० पौंड यात गेले. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती.

फिरता फिरता त्यांना लोकांची चूक दिसली. रस्ता खराब झाला की लोक त्यावर मोठे दगड, गोटे आणि माती टाकत. पाऊस पडला की मातीत पाणी मुरे. थंडीत त्या पाण्याचा बर्फ होई, बर्फ फुगे आणि रस्ता उकलून निघे. गाडीचे चाक मोठ्या दगडाच्या एका टोकावर चढले, की दुसरे टोक वर येई. अशा रीतीने वर आणलेले दगड हळूहळू मोकळे होत. सरकारला वाटे, दोष गाड्यांचा आहे. म्हणून १७५३ मध्ये, मॅकॅडम यांच्या जन्माच्याही आधी, जड गाड्यांची चाके रुंद असावीत असा कायदा झाला होता. मॅकॅडम यांना हे उलटे वाटले. रस्त्यासाठी गाड्या बदलण्यापेक्षा गाड्यांसाठी रस्ता बदलावा, असे त्यांचे मत होते.

त्यांची पद्धत ऐकायला अगदी साधी आहे. रस्त्याखालची जमीन कोरडी ठेवायची. कोरडी जमीन कितीही वजन पेलते. दगडांचा थर हे तिच्यावरचे छप्पर आहे. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडा उंच घ्यायचा, कडेला चर ठेवायचे आणि मधोमध हलका उंचवटा द्यायचा. तीस फूट रुंद रस्त्याचा मध्य कडेपेक्षा तीन इंच उंच असला की पुरे. दगड कठीण असावेत, फोडलेले असावेत आणि स्वच्छ असावेत. त्यांत माती किंवा खडू मिसळायचा नाही, कारण पाणी धरून ठेवते ती मातीच. दहा इंच जाडीचा थर बस्स झाला. गाड्यांच्या वजनानेच तो दबून एकजीव होतो.

दगडाच्या आकाराविषयी ते फार कडक होते. दगड चाकाच्या लोखंडी धावेपेक्षा बराच लहान हवा, म्हणजे चाक त्याला उचकटणार नाही, खाली दाबेल. सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा, जड दगड त्यांना चालत नसे. देखरेख करणाऱ्यांजवळ त्यासाठी तराजू असे. कामगारांची खूण मात्र वेगळी होती असे सांगतात. दगड तोंडात मावला, तर तो बरोबर!

त्या वेळी थॉमस टेलफर्ड नावाचे नामांकित इंजिनिअर होते. ते रस्त्याच्या तळाशी मोठे दगड हाताने नीट बसवून पक्का पाया घालत. त्यांचे रस्ते उत्तम होते, पण महाग पडत. मॅकॅडम यांना या पायाची गरजच वाटत नव्हती. कठीण खडकापेक्षा मऊ जमीन बरी, असे ते सांगत. अनेकांना हे ऐकून हसू आले असेल.

१८१६ मध्ये ब्रिस्टल शहराभोवतीच्या सुमारे दीडशे मैल रस्त्यांचे काम त्यांच्याकडे आले. तेव्हा त्यांचे वय साठीला टेकले होते. या वयात माणसे काम सोडून विश्रांती घेतात! येथे त्यांनी सर्वांत शहाणपणाची गोष्ट केली. नवे दगड फारसे विकत घेतले नाहीत. जुनाच रस्ता उकरला, मोठे दगड बाहेर काढून फोडले, माती झटकली आणि तीच खडी पुन्हा पसरली. खर्च कमी झाला, रस्ता सपाट झाला. याच सुमारास त्यांनी आपल्या पद्धतीवर पुस्तकेही लिहिली. १८१९ मध्ये पार्लमेंटच्या समितीने त्यांची साक्ष घेतली. गावोगावची मंडळे त्यांना बोलावू लागली.

खडी फोडण्याचे काम गरिबांना मिळाले. आधी धडधाकट पुरुष उभे राहून जड घणाने दगड फोडत. मॅकॅडम यांनी मजुरांना बसवले आणि हाती लहान हातोडा दिला. त्यामुळे म्हातारी माणसे, स्त्रिया आणि मुलेसुद्धा हे काम करू लागली. उपाशी घरांत चार पैसे आले, हे खरे. पण तुमच्या वयाची मुले दिवसभर दगड फोडत बसलेली डोळ्यांपुढे आणली, की मला या गोष्टीचे पूर्ण कौतुक करता येत नाही. आपल्याकडेही क्रशर येण्यापूर्वी वडार समाजातील स्त्री-पुरुष रस्त्याच्या कडेला बसून अशीच खडी फोडत असत.

मॅकॅडम यांच्यावर टीकाही झाली. त्यांचे मुलगे अनेक मंडळांत याच कामावर होते. बाप-लेक मिळून सरकारी पैसा खातात, असे काही लोक बोलत. पार्लमेंटने १८२० मध्ये त्यांना २,००० पौंड दिले, पुढे आणखीही रक्कम दिली. नंतर त्यांना ‘सर’ हा किताब देऊ केला, तेव्हा वय झाले म्हणून त्यांनी तो घेतला नाही. १८३४ मध्ये तो त्यांचा मुलगा जेम्स यांना मिळाला. त्याच काळात चांगल्या रस्त्यांवरून टपालाच्या बग्ग्या ताशी सुमारे दहा मैल धावू लागल्या होत्या. पण तोवर आगगाडीही आली होती.

दर उन्हाळ्यात ते स्कॉटलंडला जात. १८३६ साली तिकडून परतताना, २६ नोव्हेंबरला, मॉफट या गावी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ८० वर्षांचे होते.

पुढे मोटारी आल्या. त्यांच्या वेगाने खडीच्या रस्त्यांवर धुळीचे लोट उठू लागले. १९०२ मध्ये एडगर हूली या माणसाने खडी आणि डांबर एकत्र करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. त्या मिश्रणाला टारमॅक म्हणतात. त्यातला ‘मॅक’ म्हणजे मॅकॅडम.

आपल्याकडे काळ्या दगडाची खडी मिळते. अंगणात पसरण्यासाठी ती आणायला गेलात, तर क्रशरवाला आधी आकार विचारतो : चाळीस एमएम की वीस एमएम? खाली जाड खडी, वर बारीक, त्यावर कच आणि पाणी मारून रोलर, अशी आजची रीत आहे. कच आणि पाणी मॅकॅडम वापरत नसत, रोलरही नाही. पण मातकट खडी त्यांनी परत पाठवली असती. गावाच्या रस्त्याचे खडीकरण होते तेव्हा कामाच्या कागदावर ‘डब्ल्यूबीएम’ अशी तीन अक्षरे असतात. ती वॉटर बाउंड मॅकॅडम या शब्दांची आहेत.